जुन्या संगणकासाठी गाणी वाजविण्याचा हलका प्रोग्रॅम

(केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



सकाळपासून येथे अध्ययन निष्पत्ती, मूल्यमापन अशा भारदस्त विषयांवर चर्चा झाली. त्यानंतर संगणकावर गाणी वाजविण्याच्या प्रोग्रॅमविषयी बोलावयास मी उभा राहिलो आहे, हे पाहून आपणांपैकी काहींस हा विषय किरकोळ वाटला असल्यास नवल नाही. मलाही तो किरकोळच वाटत असे. परंतु एका १५ ऑगस्टच्या सकाळी साऱ्या गावासमोर जी फजिती झाली, तिने मला या विषयाचा अभ्यास करावयास लावले. ती हकीकत प्रथम सांगतो.

आमची शाळा दोन शिक्षकी आहे. शाळेत एक संगणक आहे. तो २०११ साली लोकवर्गणीतून आला. गावातील ज्या मंडळींनी त्यासाठी पैसे दिले त्यांची नावे वऱ्हांड्यातील फळ्यावर अजूनही रंगविलेली आहेत. त्या दिवशी ध्वज वर गेला, मुले सावधान उभी राहिली आणि मी संगणकावर राष्ट्रगीत लावले. पंधरा-वीस सेकंद सर्व सुरळीत चालले. मग आवाज अडखळला, तुटला आणि थांबला. मुलांना राष्ट्रगीत पाठ असल्यामुळे ती न थांबता म्हणत राहिली. इतक्यात संगणकास जाग आली आणि त्याने जेथे सोडले होते तेथून पुढे वाजविण्यास आरंभ केला. मुले पुढे, यंत्र मागे! मुले अखेरच्या जयघोषापर्यंत पोहोचून थांबली, तरी यंत्राचे राष्ट्रगीत चालूच. ध्वजास मानवंदना देऊन उभे असलेले सरपंच हात खाली घ्यावा की न घ्यावा या संभ्रमात पडले. शेवटी एकदाचे ते संपले आणि आम्ही निःश्वास टाकतो न टाकतो तोच यादीतील पुढची फाइल आपोआप सुरू झाली. तो लेझमीचा ताल होता.

पुढील आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीची सभा झाली. संगणक निकामी झाला आहे, सबब त्याचे निर्लेखन करावे, अशी सूचना तीत आली. तालुक्याच्या गावी ज्यांच्याकडे आम्ही यंत्र दाखविले होते, त्या दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांचेही मत हेच होते की, यंत्र जुने झाले, आता नवे घ्या. बंधूंनो, निर्लेखित वस्तूच्या जागी नवी वस्तू येतेच असे नाही, हे आपणांपुढे मी निराळे सांगावयास नको. मी समितीकडे पंधरा दिवसांची मुदत मागितली. सभासदांनी ती दिली. मात्र एका वृद्ध सभासदांनी मला विचारले, “गुरुजी, यंत्र म्हातारे झाले, की त्याच्या पाठीवर ओझे फार झाले?” हा प्रश्न त्यांनी बैलाच्या अनुभवावरून केला असावा. पण पुढच्या पंधरा दिवसांत मी जे काही शिकलो, ते त्या एका प्रश्नात होते.

संगणकावर गाणे वाजते म्हणजे काय होते, हे आधी थोडक्यात पाहू. ध्वनी ही हवेतील लहर. ती संगणकात ठेवावयाची तर तिची उंची ठरावीक अंतराने मोजून आकड्यांत लिहून ठेवावी लागते. कॉम्पॅक्ट डिस्कसाठी जे मान ठरले त्याप्रमाणे दर सेकंदास ४४,१०० वेळा अशी मोजणी होते, आणि तीही डाव्या व उजव्या कानासाठी स्वतंत्रपणे. प्रत्येक मोजणीस २ बाइट जागा लागते. हा गुणाकार आपल्या पाचवीच्या मुलांना द्यावा असा आहे. ४४,१०० गुणिले २ गुणिले २, म्हणजे सेकंदास १,७६,४०० बाइट. एका मिनिटास १ कोटी ५ लक्ष ८४ हजार. एवढा पसारा नको म्हणून, कानास सहसा जाणवणार नाही असा भाग वगळून ध्वनी आटोपशीर करण्याच्या युक्त्या शास्त्रज्ञांनी काढल्या. त्यांपैकी एमपी३ ही सर्वांच्या परिचयाची. नेहमीच्या १२८ किलोबिट प्रतीच्या एमपी३ फाइलीत सेकंदास केवळ १६,००० बाइट लागतात. आपले राष्ट्रगीत सुमारे ५२ सेकंदांचे. म्हणजे ते सारे ८ लक्ष ३२ हजार बाइटांत मावते.

आता वाजविताना याच्या उलट क्रिया करावयाची. प्रोग्रॅमने फाइलीतील मजकूर थोडाथोडा वाचावा, त्याचे पुन्हा सेकंदास ४४,१०० या गतीने आकडे करावेत आणि ते एका लहानशा साठ्यात टाकीत जावे. त्या साठ्यास बफर असे म्हणतात. ध्वनीचे यंत्र त्या साठ्यातून ठरलेल्या गतीने आकडे उचलीत असते आणि ते कोणासाठीही थांबत नाही. महादेवाच्या पिंडीवरील अभिषेकपात्र आपण सर्वांनी पाहिले आहे. पात्रात पाणी आहे तोवर धार अखंड चालते. पाणी भरणारा क्षणभर दुसऱ्या कामास गेला तरी पात्रातील शिलकीवर धार निभावून जाते. परंतु तो विहिरीवर गप्पा मारीत बसला, तर पात्र कोरडे पडते आणि धार तुटते. तो परत आला की ती पुन्हा सुरू होते, पण मधल्या काळात पूजा थांबलेली असते. आमच्या राष्ट्रगीताचे नेमके असेच झाले. ध्वनियंत्र ठीक होते, तार ठीक होती, फाइलही ठीक होती. पाणी भरणारा जागेवर नव्हता.

तो कोठे गेला होता? याचा शोध घेताना मला प्रथम वाटले की, आकडे सोडविण्याचे काम आमच्या संगणकाच्या कुवतीबाहेरचे असावे. ही शंका निराधार होती, हे इतिहासावरून कळते. जर्मनीतील फ्राउनहोफर या संशोधनसंस्थेने विनप्ले३ हा प्रोग्रॅम १९९५ साली प्रसिद्ध केला. तो त्या काळच्या वैयक्तिक संगणकावर एमपी३ गाणी थेट वाजवीत असे. १९९७ साली विनॅम्प आला आणि जगभरच्या तरुणांत एकाएकी लोकप्रिय झाला. त्या वेळच्या घरगुती संगणकांत बहुधा १६ किंवा ३२ मेगाबाइट स्मृती असे. स्मृती म्हणजे आपण ज्यास रॅम म्हणतो ती. आमच्या शाळेतील ‘निकामी’ संगणकात ती २ गिगाबाइट आहे, म्हणजे १६ मेगाबाइटांच्या १२८ पट! जे काम १९९७ सालचे यंत्र हसतखेळत करीत होते, ते काम २०११ सालच्या यंत्रास झेपत नाही, असे म्हणणे म्हणजे पाचवीतील मुलास पहिलीचे पुस्तक वाचता येत नाही असे म्हणणे होय. तसे झाल्यास आपण मुलाच्या डोळ्यांपूर्वी त्याच्या हातातील पुस्तक तपासतो.

म्हणून मी प्रोग्रॅम तपासावयास घेतला. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. तो वाईट होता असे माझे म्हणणे नाही. नव्या यंत्रावर तो देखणेपणाने चालतो. परंतु त्याच्या ठायी गाणी वाजविण्याखेरीज इतर उद्योग पुष्कळ होते. तो उघडताच संगणकातील सर्व फोल्डर धुंडाळून गाण्यांची सूची तयार करी. प्रत्येक गाण्याचे मुखपृष्ठचित्र शोधी. आंतरजाल उपलब्ध असो वा नसो, तेथून काही शिफारशी मिळतात का, याची वाट पाही. अलीकडच्या अनेक प्रोग्रॅमांची आणखी एक गोष्ट मला या निमित्ताने समजली. ते बांधतानाच त्यांच्या पोटात एक अख्खा वेबब्राउझर बसविलेला असतो. इलेक्ट्रॉन नावाची एक चौकट २०१३ पासून प्रचारात आली, तिचे स्वरूप असेच आहे. प्रोग्रॅम तयार करणाराची त्यामुळे मोठी सोय होते, कारण एकच काम निरनिराळ्या प्रकारच्या संगणकांवर चालते. या सोयीची किंमत मात्र आपल्या यंत्राची स्मृती भरते. एक गाणे ऐकण्यासाठी बँडपथकासह सगळी वरात घरात घेण्यासारखे ते आहे.

स्मृती भरली की काय होते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण जुन्या संगणकाच्या निम्म्याहून अधिक तक्रारी येथे उगम पावतात. स्मृतीत जागा उरली नाही म्हणजे संगणक सध्या न लागणारा मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. आमच्यासारख्या जुन्या यंत्रात फिरत्या तबकडीची डिस्क असते. तिचे वाचणारे टोक एका जागेवरून दुसऱ्या जागी प्रत्यक्ष सरकावे लागते, आणि स्मृतीच्या वेगाशी तुलना करता हे सरकणे म्हणजे बैलगाडीचा प्रवास. आता पाहा. एकीकडून सूची करण्यासाठी डिस्क धुंडाळली जात आहे, दुसरीकडून स्मृतीतील मजकुराची ने-आण चालली आहे, विषाणुप्रतिबंधक प्रोग्रॅमही त्याच डिस्कवर प्रत्येक फाइल तपासीत आहे. या गर्दीत राष्ट्रगीताचे पुढचे चार थेंब आणावयास गेलेला आमचा पाणक्या रांगेत अडकला, यात त्याचा काय दोष? वृद्ध सभासदांचा प्रश्न बरोबर होता. ओझे फार झाले होते.

हे केवळ तर्काने मानू नये, मोजून पाहावे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रत्येक प्रोग्रॅमपुढे त्याने किती स्मृती घेतली आहे हे लिहिलेले असते. संगणक सुरू करून पाच मिनिटे स्वस्थ राहू द्यावा, मग एक प्लेअर उघडून एक गाणे लावावे आणि आकडा वहीत टिपावा. तो बंद करून दुसरा उघडावा आणि तेच गाणे लावून पुन्हा टिपावा. आमच्या यंत्रावर पहिल्या प्रोग्रॅमचा आकडा मेगाबाइटांच्या तीन अंकी घरात होता, आणि ज्या प्रोग्रॅमकडे मी शेवटी वळलो त्याचा दोन अंकी घरात. एवढा फरक पाहिल्यावर वादास जागा राहिली नाही. प्लेअर निवडताना तो दिसतो कसा, त्यात रंग किती, हे पाहण्याची आपणांस सवय झाली आहे. शाळेच्या यंत्रासाठी मात्र ही वहीच प्रमाण मानावी, असे माझे मत आहे.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळतो. मी चार-पाच प्रोग्रॅम वापरून पाहिले. सगळ्यांची वर्णने करीत बसत नाही.

आमच्या शाळेत सध्या जो आहे त्याचे नाव फूबार२०००. नाव विचित्र आहे खरे. पीटर पावलोव्स्की नावाच्या प्रोग्रॅमरने तो तयार केला आणि २००२ साली तो प्रथम लोकांपुढे आला. तो विनामूल्य मिळतो. पहिल्यांदा उघडल्यावर तो इतका साधा दिसतो की, आमच्या सहशिक्षिका म्हणाल्या, “हे तर हजेरीपत्रक दिसते आहे.” तसे ते दिसतेच, एक यादी आणि वर पाच-सहा बटणे. परंतु त्या साधेपणामुळेच तो जुन्या यंत्रावर क्षणात उघडतो. ३२ बिटांच्या यंत्रासाठीही तो मिळतो. बसविताना ‘पोर्टेबल’ हा पर्याय निवडल्यास सर्व काही एकाच फोल्डरमध्ये राहते, आणि तो फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर जसाच्या तसा चालविता येतो. ज्यांच्या शाळेत आंतरजाल नाही, त्यांना ही सोय विशेष उपयोगी पडेल.

त्यातील दोन गोष्टींनी मात्र आमची लाज राखली, म्हणून त्या विस्ताराने सांगतो. पहिली अशी. फाइल या मेनूतील प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ॲडव्हान्स्ड, व त्याखाली प्लेबॅक, असे उघडले की ‘फुल फाइल बफरिंग’ नावाची एक नोंद सापडते. तेथे किलोबाइटांचा आकडा घालावयाचा. त्या आकड्याहून लहान असलेली फाइल हा प्रोग्रॅम थोडीथोडी न वाचता सबंध स्मृतीत घेतो. मी १०,००० घातला आहे. राष्ट्रगीत नऊशे किलोबाइटांच्याही आत असल्यामुळे ते एकदम वाचले जाते आणि मग डिस्कवर काहीही गोंधळ चालो, गीतास त्याचा उपसर्ग होत नाही. अभिषेकपात्राऐवजी माथ्यावर भरलेला रांजणच ठेवावा तसे हे झाले. दुसरी सोय म्हणजे प्लेबॅक मेनूतील ‘स्टॉप आफ्टर करंट’. ती चालू असली की एक गीत संपताच प्रोग्रॅम थांबतो, पुढच्या गीताकडे जात नाही. लेझमीचा ताल आता लेझमीच्या तासालाच वाजतो.

दुसरा प्रोग्रॅम व्हीएलसी. पॅरिसमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात १९९६ साली विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून त्याचा आरंभ झाला आणि २००१ पासून त्याची मूळ संहिता सर्वांस खुली आहे. तो चलच्चित्रेही दाखवितो आणि हाती येईल त्या प्रकारची फाइल उघडतो. शाळेत शैक्षणिक चित्रफिती दाखवावयाच्या असतील तर तो ठेवलाच पाहिजे. निव्वळ गाण्यांसाठी मात्र फूबारहून तो थोडा जड आहे. त्याच्याविषयी एक सावधगिरी सांगावीशी वाटते. त्यातील आवाजाची पट्टी १२५ टक्क्यांपर्यंत चढते. मैदानावर आवाज पोहोचत नाही म्हणून आपण ती टोकास नेतो आणि मग गायकाचा आवाज फाटल्यासारखा ऐकू येतो. पट्टी १०० वर ठेवावी आणि वाढवावयाचे ते ध्वनिवर्धकावर वाढवावे.

जुन्या मित्राची, विनॅम्पची, आठवण येथील काही समवयस्कांना झाली असेल. मलाही त्याचा मोह पडला होता. त्याची १९९९ च्या सुमाराची आवृत्ती कोणाच्या तरी जुन्या सीडीत हमखास असते आणि ती पिसासारखी हलकी आहे. परंतु तिच्यात दोन उणिवा आहेत. इतक्या जुन्या प्रोग्रॅममध्ये पुढे उघडकीस आलेली सुरक्षेची छिद्रे बुजविलेली नसतात. आणि दुसरे, तिला आपली लिपी येत नाही. मराठी नावाची फाइल दिली की यादीत प्रश्नचिन्हांची रांग उमटते.

हा लिपीचा मुद्दा मी मुद्दाम थांबून सांगतो. आपल्या मुलांनी ‘प्रार्थना’, ‘समूहगीत’, ‘बडबडगीत’ ही नावे पडद्यावर मराठीत वाचावीत, ही अपेक्षा काही फार मोठी नाही. तथापि अनेक शाळांत गीतांच्या फाइलींना ‘ट्रॅक ०१’, ‘न्यू २’ अशी नावे मी पाहिली आहेत, आणि कोणते गीत कोणते हे एका शिक्षकाखेरीज कोणास ठाऊक नसते. फूबार किंवा व्हीएलसी युनिकोड जाणतात. त्यांत मराठी नावे नीट दिसतात. एवढे करूनही कधी कधी नाव बिघडलेले दिसते. त्याचे कारण फाइलीच्या आत लिहिलेली माहिती, जिला टॅग म्हणतात. सर्वांत जुन्या पद्धतीच्या टॅगमध्ये शीर्षकास अवघी ३० अक्षरस्थाने असत आणि देवनागरीची सोयच नव्हती. नव्या पद्धतीचा टॅग युनिकोडमध्ये लिहिता येतो. फूबारमध्ये गीतावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि शीर्षक मराठीत लिहून ठेवावे. आमच्या चौथीच्या मुलांनी हे काम दोन शनिवारांत पुरे केले. शुद्धलेखनाचा तोच पाठ झाला, हे ओघाने आलेच.

ज्यांच्या संगणकात विंडोज ७ आहे त्यांनी एक ध्यानात घ्यावे की, तिला मिळणारा नेहमीचा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला. विंडोज १० चाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे आता चांगली धडधाकट यंत्रेही ‘जुनी’ या नावाखाली जमा होऊ लागतील. आम्ही आमचा संगणक आंतरजालास जोडीतच नाही. प्रोग्रॅम आणावयाचा तो दुसऱ्या संगणकावर, त्याच्या कर्त्याच्याच संकेतस्थळावरून उतरवून, विषाणूंची तपासणी करून पेनड्राइव्हने आणतो. शोधयंत्रात नाव घातल्यावर वरचेवर जी ‘मोफत डाउनलोड’ची दुकाने दिसतात, त्यांच्या वाटेस जाऊ नये. तेथे एका प्रोग्रॅमबरोबर तीन अनाहूत पाहुणे येतात आणि आपण कमी केलेले ओझे परत चढते.

याहून चांगला, पण थोड्या धीराचा मार्ग म्हणजे लिनक्स. एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई अशी हलकी मांडणी असलेले लिनक्स बसविले तर यंत्रास नवा जन्म मिळतो आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत राहतात. यंत्र ३२ बिटांचे आहे की ६४, हे मात्र आधी पाहावे, कारण डेबियनने ऑगस्ट २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून जुन्या ३२ बिटांच्या संगणकांसाठी स्वतंत्र स्थापना देणे थांबविले आहे. विंडोज ३२ बिटांची आहे म्हणून यंत्रही तसेच असेल असे गृहीत धरू नये. पुष्कळदा यंत्र ६४ बिटांचे निघते. लिनक्सवर ऑडेशस हा प्लेअर मला आवडला. तो विनॅम्पच्या धर्तीवर निघालेल्या एक्सएमएमएस या जुन्या प्रोग्रॅमच्या वंशातला. गीत संपताच थांबण्याची सोय त्यातही आहे. आणि अगदीच थकलेल्या यंत्रासाठी सीमस आहे. त्यात चित्र नाही, बटण नाही, काळ्या पडद्यावर केवळ अक्षरे. माउस लागतच नाही.

या माउसवरून एक गोष्ट निघाली. आमच्या चौथीच्या वर्गात एक विद्यार्थिनी आहे. तिची दृष्टी फार अधू आहे. परिपाठाची पाळी आली की इतर मुले संगणक चालवीत आणि ही बाजूस उभी राही. पडद्यावरील बाण तिला दिसत नसे. दिसावा म्हणून ती नाक पडद्यास लावी आणि मुले हसत. विनॅम्पच्या काळापासून चालत आलेली एक रीत मला सीमस पाहताना पुन्हा आठवली. कळफलकाच्या खालच्या ओळीत डाव्या शिफ्टला लागून झेड, एक्स, सी, व्ही, बी अशा पाच कळा ओळीने आहेत. झेड म्हणजे मागचे गीत, एक्स म्हणजे वाजवा, सी म्हणजे क्षणभर थांबा, व्ही म्हणजे बंद, बी म्हणजे पुढचे गीत. ऑडेशसमध्येही हीच रीत आहे. फूबारमध्ये कळा आपण ठरवू शकतो; मी याच पाच ठरविल्या. एक्स या कळेवर चिकटपट्टीचा लहानसा उंचवटा केला. तिने बोटे ठेवून दोन दिवसांत सर्व साधले. परिपाठाची गीते ०१ पासून ओळीने लावून ठेवली आहेत, त्यामुळे प्रार्थनेनंतर बी दाबले की पुढचे गीत येते हे तिला पडदा न पाहता कळते. आता राष्ट्रगीत व राज्यगीत तीच लावते. यंत्र शाळेत राहावे म्हणून मी जी खटपट केली, तिचा हा लाभ माझ्या हिशेबात मुळीच नव्हता.

येथे एक आक्षेप येणार हे मी जाणतो, कारण तो माझ्या सहशिक्षिकेनेच घेतला होता. मोबाइल आहे, लहान ध्वनिक्षेपक आहे, मग या जुन्या पेटीचा अट्टाहास कशासाठी? उत्तर देताना मी मोबाइलची निंदा करणार नाही. वीज गेली की आम्हीही तोच वापरतो. पण मोबाइल माझा आहे. राष्ट्रगीत चालू असताना त्यावर कोणाचा फोन येईल हे माझ्या हाती नाही, आणि तो मुलांच्या हाती देण्यास माझे मन होत नाही. शिवाय माझी बदली झाली की तो माझ्याबरोबर जाईल, त्यातील गीतांसह. गावाने पैसे देऊन घेतलेला संगणक गावातच राहील. माझ्यानंतर येणाऱ्या शिक्षकास त्यावर ९६ गीते मराठी नावांनिशी मिळतील. त्यांपैकी ११ गीते आमच्याच मुलांच्या आवाजात आहेत.

मुलांचे आवाज जतन करावयाचे असल्यास एवढेच करावे, की ते एकाच वाहिनीत, म्हणजे मोनोमध्ये, ६४ किलोबिट प्रतीने एमपी३ करून ठेवावे. कवितावाचनास ते पुरेसे होते आणि मिनिटास पाच लक्ष बाइटांहून कमी जागा लागते. कच्च्या वेव्ह फाइली ठेवल्यास आकडे सोडविण्याचे काम वाचते खरे, पण डिस्कवरून सुमारे दसपटीहून अधिक मजकूर आणावा लागतो, आणि आमच्या दुखण्याचे मूळ डिस्कमध्ये होते हे आपण पाहिलेच.

पंधरा दिवसांनी समिती पुन्हा बसली. मी भाषण केले नाही. संगणक सुरू केला, मुद्दाम दुसरे दोन प्रोग्रॅम उघडून ठेवले आणि राष्ट्रगीत लावले. सभासद उभे राहिले. ५२ सेकंदांनी ते संपले आणि खोलीत शांतता झाली. पुढचे काही वाजले नाही. ते वृद्ध सभासद खाली बसता बसता म्हणाले, “ओझेच होते म्हणायचे.” निर्लेखनाची सूचना मागे घेतली गेली, आणि तसे इतिवृत्तात नोंदले आहे. पुढच्या २६ जानेवारीस मात्र वीजच गेली. त्या दिवशी मुलांनी यंत्रावाचून राष्ट्रगीत म्हटले आणि ते उत्तम झाले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

परिषद संपल्यावर मी चहाच्या टेबलापाशी थांबणार आहे. फूबारचा पोर्टेबल फोल्डर आणि कळांची मांडणी ज्यांना हवी असेल त्यांनी पेनड्राइव्ह घेऊन यावे. ज्यांचे यंत्र त्याहून जुने असेल, त्यांनी त्यातील स्मृती किती आणि ते ३२ बिटांचे की ६४, एवढे कागदावर लिहून आणले तर पुढील महिन्याच्या परिषदेत त्याची व्यवस्था पाहता येईल. पेनड्राइव्ह आधी तपासून आणावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.